कादंबरीचे खत

लिंबोणीची पाने पिवळी पडू लागली आणि ग्रंथपालांच्या घरात शांतता पसरली.

एरवी त्या घरात बोलण्याला तोटा नव्हता. बोलत त्या मास्तरीणबाई. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जात. तिथे अर्ध्या कापलेल्या पिंपात लिंबोणी लावलेली होती. तिच्याशेजारी स्टूल टाकून त्या बसत आणि शेजारपाजार, गुडघा, महागाई, मुलीचा फोन, सगळे तिला सांगत. घरात नवरा होता, नाही असे नाही. पण ग्रंथपाल पुस्तकाच्या आडून ‘हं’ म्हणत, आणि त्या ‘हं’ला काही अर्थ नसतो हे बाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळून चुकले होते. लिंबोणीने इतक्या वर्षांत एकही लिंबू दिले नव्हते, पण बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. ती मधे बोलत नसे, चष्मा शोधायच्या निमित्ताने उठून जात नसे. एवढे त्यांना पुरे होते.

आता ती झडत चालली होती. बाई अंगणात जाऊन बसत, पण बोलत नसत. आजारी माणसाला आपल्या कटकटी काय सांगायच्या, असे त्यांना वाटे. घरात येऊनही त्या गप्पच राहत. त्या शांततेत ग्रंथपालांना एक पान वाचता येईना. ‘शांतता राखा’ या पाटीखाली सगळी नोकरी काढलेला माणूस, पण शांतता म्हणजे काय ते त्यांना आत्ता समजले, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही.

बाईंच्या धाकट्या भावाची रोपवाटिका होती. प्रत्येक हंगामात एकदा तो टेम्पो घेऊन बहिणीकडे येई. एका हंगामात त्याने शेणखत आणले. “जुनं आहे ताई, पुरतं मुरलेलं. हुंगून बघ, नुसता मातीचा वास.” पुढच्या हंगामात गांडूळखत आणले, चहाच्या पुडीसारखे रवाळ. त्याच्या पुढच्या हंगामात पालापाचोळ्याचे, काळेभोर आणि हलके. पोट भरलेला पाहुणा आग्रहाचा घास घेतो तशी लिंबोणीने ही तिन्ही खते घेतली आणि पाने गाळणे चालू ठेवले.

“ताई, ही बसली आता,” भाऊ म्हणाला. “काढून टाकू. याच पिंपात तुला छान कलम लावून देतो, वर्षात फळ धरेल.”

“मला फळ नकोय.”

“मग लिंबोणी कशाला हवी?”

“तुला नाही कळायचं.”

भावाने नखाने खोड खरवडून पाहिले. आत अजून थोडा हिरवेपणा होता. “बरं,” तो म्हणाला, “पुढच्या हंगामात येईन तो फावडं घेऊनच. तोवर एक जरी नवी फूट दिसली तर हात लावणार नाही. काय भाऊजी?”

ग्रंथपाल “हं” म्हणाले. या वेळी त्याला अर्थ होता, पण तो कोणाच्या लक्षात आला नाही.

त्यानंतर लगेच छत गळले. नेमके पुस्तकांच्या मोठ्या कपाटावर गळले आणि खालचे सगळे खण भिजून फुगले. ती पुस्तके वाचता येण्यासारखी राहिली नव्हती, आणि रद्दीवाल्याच्या तराजूत ती टाकायची कल्पना ग्रंथपालांना सहन होईना. त्यांनी ती अंगणात उन्हात मांडून ठेवली आणि ओशाळून त्यांच्याकडे बघत बसले.

अंगणात आणखी एक दुखणे होते. स्वयंपाकघरातला ओला कचरा बाई एका पिंपात टाकत. त्यात सुके काही पडत नसल्याने खत होण्याऐवजी नुसता चिखल झाला होता आणि त्याचा वास भिंतीपलीकडे जात होता. पलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता.

“काका,” त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “माझे पेशंट हल्ली भुलीच्या इंजेक्शनआधीच गुंगीत जातात. काहीतरी करा.”

“सुकं घालायला हवं त्यात,” मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. “ओल्याच्या दुप्पट सुकं. ही तुमची पुस्तकं वाळलीच आहेत, ती फाडून घाला.”

“सगळी एकत्र?”

“मग काय, एकेकाला वेगळी खोली देऊ?”

बाई हे चिडून म्हणाल्या होत्या. पण ग्रंथपालांनी ती सूचना म्हणून घेतली. इतिहासाशेजारी पाकशास्त्र ठेवायला ज्यांचा हात आयुष्यभर धजला नाही, ते दोघांना एका पिंपात कुजवणार कसे? त्यांनी घरातल्या जुन्या बादल्या, फुटके टब आणि डबे गोळा केले, त्यांना खाली भोके पाडली आणि प्रत्येकावर विषयाची चिठ्ठी लावली. गुळगुळीत वेष्टने काढली, टाचण्या उपटल्या, पाने बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून घातली. एक थर साली-देठांचा, एक थर मजकुराचा, आणि वर गांडूळखताचे चार चमचे विरजण. कायदा वेगळा, कविता वेगळी, प्रवासवर्णने वेगळी. दर आठवड्याला ते सगळे खालीवर करत. एका बादलीतला कण दुसरीत जाऊ नये म्हणून मधे हात धूत.

खत उत्तम झाले. वास गेला. सगळ्या डब्यांमधले खत दिसायला सारखेच होते, काळे आणि भुसभुशीत. चाळणीतून ते झरझर खाली पडे. बाईंनी लिंबोणीला ते लगेच घालू दिले नाही. “आधी भाजीवर घालून बघा,” त्या म्हणाल्या. “ती मेली तरी चालेल.”

भाजी मेली नाही. कायद्याचे खत ग्रंथपालांनी घेवड्याला घातले. घेवडा भिंत चढून पलीकडे गेला, डॉक्टरीणबाईंच्या कपडे वाळवायच्या दोरीला त्याने वेढे घातले आणि मग काही केल्या सोडेना. त्या एक वेढा उलगडायच्या, तेवढ्यात तो दुसरीकडे तीन वेढे घालायचा. शेवटी त्यांनी ती दोरी त्याच्या नावे करून दिली आणि दुसरी बांधली. कवितेचे खत वांग्यांना घातले होते. त्यांना सुंदर जांभळी फुले आली, ती संध्याकाळी मान टाकत आणि सकाळी पुन्हा उमलत. पण वांगे म्हणून एक धरेना. रहस्यकथांवरची काकडी तर सापडतच नसे. मास्तरीणबाई पानन् पान उलथून दमत आणि शेवटी जे पान अगदी साधे, निरुपद्रवी दिसे त्याच्यामागे ती मिळे.

“चुकलंच माझं,” ग्रंथपाल म्हणाले. “कागद म्हणजे कागदच, असं मी धरून चाललो होतो.”

“आणि भोपळा कुठाय?”

“त्याला प्रवासवर्णनं घातली होती.”

“म्हणजे?”

“गेला. काल कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दारात दिसला होता म्हणे.”

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. लोक वाटी घेऊन येऊ लागले आणि लाजऱ्या ग्रंथपालांची पंचाईत झाली. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नसे, आणि आपण दिलेले योग्यच आहे याची खात्रीही वाटत नसे. वाटी भरून झाल्यावर ते फाटकापर्यंत मागे जात आणि म्हणत, “तरी आधी थोडंच घालून बघा.”

“काका, विनोदी काही आहे का?” डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरूनच विचारले. “दवाखान्यातली कुंडी पेशंटचे चेहरे बघून बघून कोमेजलीय.”

ग्रंथपालांनी भीतभीतच दिले. आठवड्याने त्या सांगायला आल्या, “झाड तर टवटवीत झालंच, पण लोक त्याच्याकडे बघून असे हसतात की मला ‘आ करा’ म्हणावंच लागत नाही.”

लिंबोणीची पाने मात्र गळतच होती, आणि भावाचा हंगाम जवळ येत होता. आता तिला कोणते खत घालायचे? ग्रंथपाल डब्यांसमोर उभे राहत, एकाचे झाकण उघडत, हुंगत, पुन्हा लावत. आजारी झाडाला आरोग्यविषयक पुस्तकांचे खत घालावे, हे त्यांना सगळ्यांत सयुक्तिक वाटले. त्यांनी ते घातले. दुसऱ्या दिवसापासून लिंबोणीला एकेक नवे लक्षण दिसू लागले. एका पानावर पुरळ, दुसऱ्यावर सूज, एका फांदीला कंप. पुस्तकात होते ते सगळे आजार आपल्यालाच आहेत असे तिला वाटू लागले होते.

“काय हा शहाणपणा!” बाई कडाडल्या. कितीतरी दिवसांनी त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या होत्या. त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतून ती माती धुऊन काढली. मग तत्त्वज्ञानाचे खत घालून पाहिले. त्याने पाने गळायची थांबली नाहीत, पण लिंबोणीला त्याचे काही वाटेनासे झाले. बाईंना ते सर्वांत असह्य झाले.

“ती माझं ऐकतसुद्धा नाही हो आता,” त्या म्हणाल्या. “सगळं मिथ्या असल्यासारखी उभी असते. तेही काढा.”

ते काढले. डबे रिकामे झाले. सुके म्हणून घालण्यासारखे घरात एकच काही उरले होते, आणि दोघांनाही ते माहीत होते. पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत बांधलेली, ग्रंथपालांची स्वतःची कादंबरी.

ती कोणीही वाचली नव्हती. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात काम करणारा एक कारकून, त्याच्याकडे जमा झालेली एक छत्री, आणि ती न्यायला न येणारी बाई, अशी ती गोष्ट होती. मास्तरीणबाईंनी ती एकदा मागितली होती, तेव्हा “पुरी झाली की देतो” असे ग्रंथपाल म्हणाले होते. त्याला पुष्कळ वर्षे झाली.

“ती पुरी नाहीये अजून,” ग्रंथपाल आताही म्हणाले.

“खत तरी पुरं होईल.”

“अगं, पण ती वाईट असली तर? झाड मरेल.”

“आणि चांगली असली तर?”

या शक्यतेचा ग्रंथपालांनी विचारच केला नव्हता. मग त्यांनी ट्रंक ओढली. कायद्याची किंवा कवितेची पुस्तके फाडताना त्यांनी पाने मोजली नव्हती, ही मोजून फाडली. वर्षानुवर्षे ज्या लोकांनी ही कादंबरी नाकारली असती असे त्यांना वाटत आले होते, ते सगळे आता एका लिंबोणीत गोळा होऊन बसले होते.

कादंबरी ओल्या कचऱ्याच्या पिंपात गेली. पण ती कुजेना. खत होताना पिंप आतून गरम व्हावे लागते. हे मात्र विहिरीसारखे थंडगार. साली कुजून गेल्या, पाने तशीच राहिली. बाईंना कारण लवकरच कळले. एका सकाळी त्या अंगणात आल्या तर नवरा पिंपात डोके घालून उभा, कानावर लाल पेन्सिल आणि हातात ओली पट्टी.

“अहो! खतात दुरुस्त्या करताय?”

“नाही, एवढं एकच वाक्य. इथे ‘हळूच’ दोनदा आलंय.”

बाईंनी पेन्सिल काढून घेतली, दाताळे काढून घेतले आणि त्यांना अंगणात यायला बंदी केली. त्या दिवसापासून पिंप त्या खालीवर करू लागल्या. गणिताच्या बाईंना अर्धवट काही दिसले की ते पुरे केल्याशिवाय राहवत नसे. पहिली पट्टी त्यांनी चिकटली होती म्हणून सोडवली. दुसरी, पहिलीचा पुढचा भाग म्हणून शोधली. मग त्या स्टुलावर बसून सावकाश वाचू लागल्या, आणि वाचता वाचता सवयीने लिंबोणीला मोठ्याने ऐकवू लागल्या.

ग्रंथपाल खिडकीआड उभे राहून ऐकत. ‘आता ती कंटाळणार,’ असे त्यांना दर वाक्याला वाटे.

“अहो, ऐकलं का,” एकदा बाहेरून हाक आली, “हा कारकून ती छत्री रोज उघडून वाळवतो कशाला? ती ओली नाहीये.”

“ते मागच्या प्रकरणात आहे.”

“मागचं प्रकरण दोडक्याच्या सालीखाली आहे.”

“मग थोडं उकरून बघ ना.”

दुसऱ्या दिवशी, “साहेब त्याला एवढं बोलतो आणि हा नुसता ‘हं’ म्हणतो? मी असते तर छत्रीच हाणली असती.” तिसऱ्या दिवशी काहीच हाक आली नाही. ग्रंथपालांचे धाबे दणाणले. ते बंदी मोडून दारात आले. बाईंच्या मांडीवर सगळ्या पट्ट्या क्रमाने लावलेल्या होत्या.

“शेवट कुठाय?” त्यांनी विचारले.

“कसला?”

“ती बाई छत्री न्यायला येते की नाही?”

“ते ठरलं नाही माझं.”

“कधीपासून?”

“मुलगी झाली नव्हती तेव्हापासून.”

बाईंनी मान वर केली. काही बोलायच्या आतच फाटकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि भाऊ फावडे खांद्यावर टाकून आत शिरला. त्याने लिंबोणीच्या फांद्या एकेक करून तपासल्या. फूट कुठेच नव्हती.

“ताई, हो बाजूला.”

“थांब. खत होतंय.”

भावाने बाही वर करून पिंपात कोपरापर्यंत हात घातला. “कुठं होतंय? बर्फ आहे नुसता. हे अजून सुरूच झालं नाही. आणि असं कच्चं घातलंस तर मुळं जळतील, उद्या मरायची ती आत्ता मरेल.”

“पुरं होणार कसं?” बाई म्हणाल्या. “यांची कादंबरी आहे ती, आणि शेवटच नाहीये तिला. हरवलेली छत्री न्यायला बाई इतक्या वर्षांनी येते की नाही, हेच ठरलेलं नाही.”

भावाला यात नवल वाटले नाही. त्याच्याकडे याहून विचित्र गिऱ्हाइके येत. “मग लिहा की भाऊजी,” तो म्हणाला. “पण जरा आटपा. मला अजून पुढे माल टाकायचाय.”

“आत्ता? इथं?” ग्रंथपाल दोन पावले मागे सरले. “मला जमेलसं नाही वाटत. आधीच्या मजकुराला शोभायला हवा तो. सुचायलाही हवा.”

“हे बघा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “ती गेली तर मी कोणाशी बोलू?”

ग्रंथपालांनी पट्ट्या मांडीवर धरून बसलेल्या बायकोकडे पाहिले, मग फावड्याकडे पाहिले. मग ते आतून पाट आणि कोरा कागद घेऊन आले, बाईंच्या स्टुलाजवळ खाली बसले, पाट मांडीवर घेतला आणि बाईंनी पुढे केलेली लाल पेन्सिल हातात घेतली.

“ती येऊ दे, काका,” भिंतीवरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाईंनी मोठ्याने वाचलेले सगळे त्यांनीही पलीकडून ऐकले होते.

“छे,” भाऊ म्हणाला, “एका छत्रीसाठी इतक्या वर्षांनी कोण येतं? नवी घेतली असेल.”

“तू फावडं धर आणि गप्प राहा,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी लिहिले. एक ओळ लिहून खोडली, पुन्हा लिहिली. खोडायला हात पुन्हा गेला तेव्हा बाईंनी तो धरला. मग घसा खाकरून, मान वर न करता, त्यांनी वाचून दाखवले. बाई येते. कारकून छत्री पुढे करतो. ती उघडून बघते आणि म्हणते, ही माझी नाही. कारकून म्हणतो, असू द्या, बसा थोडा वेळ. ती बसते.

डॉक्टरीणबाईंच्या मागे दवाखान्यात कोणीतरी केव्हापासून तोंड उघडे ठेवून वाट बघत असावे, पण त्या भिंतीवरून हलल्या नाहीत. मास्तरीणबाईंनी कागद घेतला, त्याच्या पट्ट्या केल्या, मांडीवरचे सगळे पिंपात टाकून वर त्या ठेवल्या आणि कांद्याच्या सालींचा थर दिला.

पिंपातून आधी बारीक आवाज आला, भात शिजताना येतो तसा. मग वाफ. डॉक्टरीणबाईंचा चष्मा धुरकटला. भावाने खात्री करायला हात घातला आणि झटक्याने बाहेर काढला.

“पोळलं की!” तो हातावर फुंकर मारत म्हणाला. फावडे उचलून तो टेम्पोकडे गेला. जाता जाता वळून म्हणाला, “तरी भाऊजी, ती नवी घेती तर बरं झालं असतं.”

खत तयार झाल्यावर बाईंनी स्वतः ते चाळले आणि लिंबोणीला घातले. बराच काळ काहीच घडले नाही. ग्रंथपाल म्हणाले, “सुरुवातीची प्रकरणं जरा संथ आहेत.” मग एक फूट आली. तिला पान यायला इतका वेळ लागला, आणि आले ते शिरान् शीर इतकी तपशीलवार घेऊन आले, की भाऊ पुढच्या हंगामात आला तेव्हा नुसता बघत राहिला. बाई पुन्हा स्टुलावर बसून बोलू लागल्या. हल्ली दुसरे स्टूलही तिथे असे, कारण मधूनच त्या विचारत, “तुम्हाला काय वाटतं?” आणि ‘हं’ एवढ्यावर त्या ऐकत नसत.

त्यानंतर फुले आली, आणि फुलांमागून लिंबे. पहिले लिंबू बाईंनी अंगणातच सुरीने कापले. ग्रंथपाल तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. बाईंनी फोड चोखली. मग सालीसकट चावली. चेहऱ्यावर काही दिसेना. त्या चावत राहिल्या, डोळे बारीक केले, थांबल्या, पुन्हा चावू लागल्या.

“वाईट आहे ना?” ग्रंथपालांनी भिंतीला विचारले. “तू स्पष्ट सांग. मला वाईट वाटणार नाही.”

“मधे जरा पाल्हाळ आहे,” बाई म्हणाल्या, “आणि शेवट घाईत उरकलाय.”

“हो,” ग्रंथपाल म्हणाले, “ते मलाही वाटलंच होतं.”

त्यांनी वळून पाहिले तेव्हा बाई दुसरे लिंबू तोडत होत्या.